आधी पुस्तिका, मग तिकीट

टपाल तिकिटाचा जन्म एका पुस्तिकेतून झाला, ही गोष्ट तिकिटे जमविणाऱ्यांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते. इंग्लंडमधील रोलंड हिल हे मूळचे शिक्षक. टपालखात्याच्या सुधारणेविषयी त्यांनी १८३७ साली एक पुस्तिका लिहिली. पत्राचे हशील अंतरावर न ठरविता वजनावर ठरवावे आणि ते पत्र घेणाऱ्याने नव्हे, तर पाठविणाऱ्याने आधीच भरावे, असे तिचे प्रतिपादन होते. त्यामागचा हिशेब कोणत्याही पेढीवरील मुनिमाला पटावा असा होता. पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च अत्यल्प असून आकारणी, नोंदी आणि वसुली यांतच पैसा जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. तीन वर्षांनी, १८४० च्या मे महिन्यात, काळ्या रंगाचे एक पेनीचे तिकीट लोकांच्या हाती आले. (या पहिल्या तिकिटांच्या पाठीवरील डिंकात बटाट्याचे सत्त्व मिसळलेले असे. जिभेने तिकीट ओले करण्याची सवय असलेल्या जैन वाचकांनी हे वाचून फार अस्वस्थ होऊ नये. ती तिकिटे आता कोणी चाटत नाही.)

तिकिटे आली, तशी ती जमविणारेही आले. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी तिकीट निघताच काही नग जपून ठेवल्याचे सांगितले जाते. पुढे १८६२ साली त्यांनी तिकिटांची एक हाती बाळगता येईल अशी सूची प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड पोतिके यांची सूची निघाली होती. तेव्हापासून आजतागायत, तिकिटे कशी ओळखावीत, कशी लावावीत, कशी जपावीत हे शिकविणाऱ्या लहानमोठ्या पुस्तिकांचा ओघ चालू आहे. आणि आता जगात काही संग्राहक असे आहेत, की जे तिकिटांऐवजी या जुन्या शैक्षणिक पुस्तिकाच जमवितात.

प्रथमदर्शनी हा छंद विचित्र वाटतो. पोहायला शिकविणारी पुस्तके जमवून नदीकडे पाठ फिरवावी, तसा. परंतु थोडा विचार केला की त्यातील अर्थ उलगडतो. तिकीट मोलाचे म्हणून जपले जाते. पुस्तिका मात्र काम झाले की रद्दीत जाते. मुलांच्या हातांत फिरून तिची पाने सुटतात, तारेच्या टाचण्या गंजतात, मुखपृष्ठ हरवते. हजारोंनी छापलेली वस्तू पन्नास वर्षांनी दुर्मीळ होते ती अशीच. आणि ज्या काळी मुलांना काय शिकविले जात होते, कोणत्या शब्दांत शिकविले जात होते, याचा पुरावा तिकिटापेक्षा त्या पुस्तिकेतच अधिक असतो.

अगदी आरंभीच्या काळातील मार्गदर्शन आज वाचले तर अंगावर काटा येतो. पॅरिसच्या जस्टिन लालिए यांनी १८६२ साली काढलेल्या अल्बममध्ये तिकिटांसाठी आखलेल्या चौकटी इतक्या लहान होत्या, की त्यांत बसविण्यासाठी लोक तिकिटांच्या कडा कात्रीने छाटीत. कडांची छिद्रे ही तिकिटाच्या ओळखीची खूण आहे, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हते. चारच वर्षांनी, १८६६ मध्ये, फ्रान्समधीलच डॉक्टर लग्रां यांनी दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे येतात ते मोजण्याची रीत मांडली. ती आजही जगभर तशीच वापरली जाते. एका पिढीच्या पुस्तिकेने जे छाटायला लावले, तेच दुसऱ्या पिढीच्या पुस्तिकेने मोजायला लावले. जुन्या पुस्तिका ओळीने लावून वाचणाऱ्याला हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

बनावट तिकिटांचा बाजारही छंदाबरोबरच उभा राहिला. १८६० च्या दशकातच ब्रुसेल्सचे मोएन्स, इंग्लंडचे स्टॉर्टन, आणि लुईस व पेंबर्टन ही जोडी यांनी खोटी तिकिटे ओळखण्याविषयी स्वतंत्र पुस्तिका काढल्या. सूची आणि सावधगिरी ही जवळजवळ एकाच वेळी जन्माला आली. बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

या सर्व लेखकांमध्ये ज्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, असे एक नाव आहे. फ्रेड मेलव्हिल, जन्म १८८२, एडिंबरो. तिकिटांचा नाद लहानपणापासून. लंडनच्या टपाल-तिकीट मंडळात त्या काळी अमीर-उमराव, लष्करी अधिकारी आणि धनिक मंडळी असत. मेलव्हिल यांनी तेथे सभासदत्वासाठी प्रयत्न केला. वय लहान म्हणून दार उघडले नाही. तेव्हा १८९९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी स्वतःचेच मंडळ स्थापन केले. त्याचे नाव ज्युनिअर फिलाटेलिक सोसायटी. हेच मंडळ पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय मंडळाच्या नावाने ओळखले गेले.

परंतु मेलव्हिल यांचे खरे काम लेखणीचे. १९०३ मध्ये त्यांनी तिकीटसंग्रहाची बाराखडी सांगणारे पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर एकेका देशावर, एकेका विषयावर लहान, स्वस्त पुस्तिकांची माळच गुंफली. कोणाला परवडेल, कोण वाचेल, याचा विचार करून लिहिणारा हा लेखक होता. बड्या मंडळींच्या जाडजूड ग्रंथांत जी माहिती कोंडलेली होती, ती त्यांनी सुट्या पैशांत मिळेल अशी केली. लाखमोलाच्या तिकिटांवरही त्यांनी लिहिले, कारण पैशाच्या गोष्टीने वाचक आत येतो हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९२३ साली तर त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या देशांच्या आणि कधीच न निघालेल्या तिकिटांवर एक संपूर्ण पुस्तक सिद्ध केले. दार बंद झालेल्या मुलाने पुढच्या सगळ्या मुलांसाठी दार उघडून ठेवावे, हे थोडेथोडके नव्हे. जुन्या पुस्तिकांच्या संग्राहकांत मेलव्हिल यांच्या पुस्तिकांना आजही मान आहे, तो केवळ जुनेपणामुळे नाही.

अटलांटिकच्या पलीकडे हेच शिक्षण व्यापाऱ्यांनी दिले, आणि तेथे गोष्टीला वेगळाच रंग चढला.

अमेरिकेत बॉस्टन येथे १९१६ साली हेन्री एलिस हॅरिस यांनी तिकिटांचा व्यापार सुरू केला. मुलांच्या चित्रकथांच्या अंकांत त्यांच्या जाहिराती येत. काही तिकिटे फुकट किंवा नाममात्र किमतीत, त्यासोबत संग्रह कसा करावा हे सांगणारी पुस्तिका, आणि जाहिरातीच्या बारीक अक्षरांत एक ओळ अशी, की आणखी काही तिकिटे पसंतीसाठी पाठविली जातील. मुलाने ती पाहावीत, हवी ती ठेवून तिचे पैसे पाठवावेत, उरलेली ठरलेल्या दिवसांत परत करावीत. इंग्रजीत याला ‘अप्रूव्हल’ म्हणतात. जव्हेरी बाजारात किंवा हिऱ्यांच्या व्यवहारात वावरणाऱ्या कोणत्याही जैन कुटुंबाला त्यासाठी इंग्रजी शब्दाची गरज नाही. ही सरळसरळ जांगड आहे. माल दाखवायला दिला, सौदा अजून झालेला नाही, मालकी देणाऱ्याचीच, आणि मध्ये उभा आहे तो केवळ विश्वास.

फरक एवढाच, की येथे जांगड घेणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा असे. ना ओळख, ना पत, ना जामीन. देशाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अनोळखी मुलाच्या नावे माल टपालात टाकला जाई. काही मुले तिकिटे ठेवून घेत आणि पैसे विसरत. मग आठवणीची पत्रे येत, आणि अनेक घरांत आई-वडिलांना पहिल्यांदाच कळे की चिरंजीवांनी उधारीचा व्यवहार केला आहे. त्या काळातील पुस्तिकांमध्ये या पसंतीच्या तिकिटांविषयी वेगळी सूचना आढळते ती म्हणूनच. ती तिकिटे चिमट्यानेच उचलावीत, स्वतःच्या तिकिटांत मिसळू देऊ नयेत, काय ठेवले आणि काय परत केले याची टिपणी ठेवावी. वाचताना वाटावे, की हे छंदाचे शिक्षण नसून पेढीवर बसविण्यापूर्वीचे शिक्षण आहे. अर्थात यात व्यापाऱ्याचा स्वार्थ होताच. मुलांच्या हाती मोह आधी आणि हिशेब नंतर देणे, हे कितपत योग्य, असा प्रश्न विचारायला जागा आहे. पण ज्या पुस्तिकेने मोह आणि हिशेब दोन्ही एकाच वेळी दिले, तिला अगदीच दोषी धरता येत नाही.

मोह पेरण्याची कला इतरांनाही साधली होती. १९३० च्या दशकात आयव्हरी साबणाच्या कंपनीने मुलांसाठी आकाशवाणीवर तिकिटांच्या गोष्टींचा कार्यक्रमच चालविला. साबणाची वेष्टने पाठविली की मुलांना अल्बम मिळे. त्या काळचे अमेरिकी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः लहानपणापासून तिकिटे जमविणारे होते, त्यामुळे छंदाला आपोआपच प्रतिष्ठा लाभली. बालवीर संघटनेनेही तिकीटसंग्रहासाठी गुणवत्ता-पदक ठेवले आणि त्यासाठी पुस्तिका काढली. तिच्या निरनिराळ्या काळातील आवृत्त्या मिळविणे हा आज संग्राहकांचा एक स्वतंत्र उद्योग आहे. ब्रिटनमध्ये लेडीबर्ड प्रकाशनाने १९६९ साली तिकीटसंग्रहावर मुलांचे पुस्तक काढले. लेडीबर्डची ही छोटी पुस्तके कागदाच्या एकाच मोठ्या तावातून, तुकडा वाया न घालविता, ५६ पानांची बेतलेली असत. काटकसरीचा असा सुबक नमुना व्यापारी वाचकांनी एकदा हातात घेऊन पाहावा.

भारतात संघटित तिकीटसंग्रहाची सुरुवात १८९७ साली झाली, ती फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेने. मंडळात प्रामुख्याने इंग्रज अधिकारी होते, आणि लेखनही त्यांचेच. देशी वाचकाला हाताशी धरणारे लेखन पुढे मुंबईतून आले. जाल कूपर हे मुंबईचे पारशी गृहस्थ तिकिटांचे व्यापारी आणि जाणकार. भारताच्या तिकिटांवरील त्यांचे पुस्तक १९४२ साली प्रसिद्ध झाले, आणि जुन्या टपाल-शिक्क्यांवरही त्यांनी लिहिले. या पुस्तकांची जुनी प्रत रद्दीच्या दुकानात दिसली, तर ती सोडू नये.

मराठी घरांसाठी सर्वांत सहज मिळणारी शैक्षणिक पुस्तिका मात्र टपालखात्याचीच. स्मारक तिकीट निघते, तेव्हा त्यासोबत एक घडीचे माहितीपत्रक निघते. विषयाची थोडक्यात ओळख, प्रकाशनाचा दिवस, किंमत, छपाईची पद्धत, छापखाना. हा छापखाना पुष्कळदा नाशिक रोडचा असतो, १९२५ साली उभारलेला. त्याआधी भारताची तिकिटे लंडनहून छापून येत. लोक तिकीट घेतात आणि माहितीपत्रक काउंटरवरच सोडतात. ज्यांनी ती सोडली नाहीत, त्यांच्याकडे आज एका काळाचा लहानसा ज्ञानकोश आहे.

जैन वाचकाला या माहितीपत्रकांत आपली माणसे आणि आपली स्थाने भेटतात. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त निघालेले, पावापुरीच्या जलमंदिराचे २५ पैशांचे तिकीट पुष्कळांच्या परिचयाचे आहे. १९८१ च्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी श्रवणबेळगोळच्या गोम्मटेश्वराचे तिकीट निघाले. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील १९८८ साली तिकिटावर आले, आणि १८९३ च्या शिकागो परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी २००२ साली. यांहून जुने आणि तरीही अनेक जैन घरांत ठाऊक नसलेले तिकीट १५ ऑगस्ट १९४९ चे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या नित्योपयोगी मालिकेत १६ तिकिटे होती. तीन पैच्या अजिंठ्यापासून सुरुवात होऊन लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार अशी चढती भाजणी होती. या सर्वांवर, मालिकेतील सर्वाधिक म्हणजे १५ रुपयांच्या तिकिटावर, पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर होते. त्या काळी पंधरा रुपये ही मुलाच्या खिशात असणारी रक्कम नव्हे. ते तिकीट पाहायला मिळे ते मोठ्या पेढीच्या वजनदार टपालावर.

येथेच या पुस्तिकांची दुसरी, काळी बाजू सांगितली पाहिजे. जुन्या पुस्तिका जवळजवळ सर्वच मुलांना एक धडा देत: लिफाफ्याचा तिकिटाकडील कोपरा कापा, कोमट पाण्यात भिजवा, तिकीट अलगद सुटले की टिपकागदावर पालथे वाळवा. धडा स्वच्छ, सोपा, मुलांना आवडणारा. व्यापारी घरांत त्यासाठी कच्चा मालही मुबलक असे. तारेत ओवलेल्या पत्रांचे झुबके, परगावच्या अडत्यांची पाकिटे, हुंड्यांसोबतचा पत्रव्यवहार. शाळकरी मुलाने सुट्टीत ते सर्व घंगाळात बुडविले आणि वाट्याला आली ती पाच-सहाशे सर्वसाधारण तिकिटे, ज्यांची आज मिळून फारशी किंमत होत नाही. नाहीसे झाले ते मात्र परत न येणारे: कोणत्या गावाहून कोणत्या दिवशी पत्र निघाले, वाटेत कोठे शिक्का पडला, किती दिवसांत पोचले, आडत्याचे हस्ताक्षर कसे होते, आजोबांच्या पेढीचे नाव तेव्हा कोणत्या रीतीने लिहिले जाई.

नंतरच्या पुस्तिकांनी सूर बदलला. संपूर्ण लिफाफा शिक्क्यासह जपावा, जुने पाकीट जाणकाराला दाखविल्याशिवाय कापू नये, असे त्या आग्रहाने सांगू लागल्या. हा बदल उशिरा आला आणि अनेक पेढ्यांचे दप्तर तोवर पाण्यात गेले होते. म्हणून जुन्या पुस्तिकेतील सल्ला पाळण्यापूर्वी तिचे साल पाहावे. ज्या घरांत अजून माळ्यावर जुनी पत्रे पडून असतील, त्यांनी तूर्त एवढेच करावे, की ती कोणाही उत्साही बालकाच्या हाती देऊ नयेत, आणि रद्दीवाल्याच्याही.

असा संग्रह जैन घरात शोभतो का, हा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाला मर्यादा घालणे आहे. एकामागून एक अल्बम भरत जाणे आणि शेजाऱ्याकडे असलेले तिकीट आपल्याकडे नाही म्हणून रात्री झोप न येणे, हे त्या व्रताच्या विरुद्धच म्हणावे लागेल. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख वस्तूवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून सांगितली आहे. त्यामुळे संग्रह लहान आहे एवढ्याने सुटका होत नाही. मात्र चांगल्या पुस्तिका स्वतःच मर्यादा शिकवितात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सगळे जग जमवू नका, एक देश घ्या, एक विषय घ्या, तो पूर्ण अभ्यासा, असे त्या सांगतात. आणि पुस्तिकांचा संग्रह करणाऱ्यापुढे तर आणखी एक वाट असते. ब्रिटनच्या अर्ल ऑफ क्रॉफर्ड यांनी तिकिटांविषयीच्या ग्रंथांचा आणि पुस्तिकांचा अपूर्व संग्रह केला. अमेरिकेतील टिफनी यांचे अख्खे ग्रंथालय त्यांनी विकत घेऊन त्यात मिळविले. १९१३ साली ते वारले, तेव्हा हे सर्व त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले होते. आज ते ब्रिटिश लायब्ररीत कोणाही अभ्यासकाला खुले आहे. पाटण, जेसलमेर आणि विदर्भातील कारंजा येथील ज्ञानभांडारे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याला जमविणे आणि देऊन टाकणे यांतील नाते नव्याने समजावून द्यावे लागू नये.

ज्यांना आरंभ करायचा आहे, त्यांनी खर्चाची धास्ती बाळगू नये. अशा पुस्तिका अजून तिकिटांच्या मानाने फार स्वस्त मिळतात. प्रदर्शनांत व्यापाऱ्यांच्या टेबलाखालच्या खोक्यांत त्या सहसा असतात. घेताना पाने मोजून घ्यावीत, मधली चित्रपाने फाडून नेलेली असतात. टाचण्या गंजल्या असतील तर त्या हलक्या हाताने काढून पाने दोऱ्याने बांधावीत. गंज कागद खातो. चिकटपट्टी कधीही लावू नये. कसर लागू नये म्हणून विषारी भुकटी टाकण्याचे कारण नाही. ग्रंथभांडारांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत आहे, ती येथेही चालते; कोरडी हवा आणि स्वच्छ कपाट असले की जीव मारण्याची वेळच येत नाही. श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला घरातील ग्रंथ बाहेर काढून पुसले जातात, त्याच दिवशी या पुस्तिकाही काढाव्यात.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आणखी एक निमित्त आहे. टपालखात्याने २०१७ पासून दीनदयाळ स्पर्श योजना सुरू केली असून तिच्यात इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना तिकीटसंग्रहाच्या अभ्यासासाठी वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प यांवर निवड होते. तयारीसाठी मुले भ्रमणध्वनीकडे धावतात. घरात टपालखात्याची जुनी माहितीपत्रके असतील तर ती आधी त्यांच्यासमोर ठेवावीत.

आणि जुनी पुस्तिका हाती आली, तर तिच्या पहिल्या पानावर बहुधा पेन्सिलीने लिहिलेले एक नाव असते, इयत्ता असते, कधी अल्बममधील तिकिटांची बेरीज असते. विकणारे ते खोडून पुस्तिका ‘स्वच्छ’ करून देतात. ते खोडू देऊ नये.